प्लेटच्या कडेची खूण

प्रिय मुंगे,

या नावाने तुला हाक मारून पाच वर्षं झाली. मधल्या काळात फोनवर मी तुला 'वहिनी' म्हटलं आणि तू मला काहीच म्हटलं नाहीस, नुसतं 'हं, देते' म्हणून फोन दादाच्या हातात दिलास. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण हे पत्र वहिनीला लिहिता येणार नाही. ते तुलाच लिहायला हवं, दादाची बायको व्हायच्या वीस वर्षं आधी शाळेत माझ्या शेजारी बाकावर बसलेल्या तुला.

काल आईचा फोन आला होता. सातवा संपत आलाय, वजन बरं आहे, पाय थोडे सुजतात, असं सगळं सांगून झाल्यावर तिने आवाज खाली आणला आणि म्हणाली की तू दूध आटवायच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरीणबाईंकडून आत्ताच लिहून घेतली आहेस. बाळ झाल्याझाल्या पहिली गोळी घेणार, एक थेंबसुद्धा त्याच्या तोंडात जाऊ देणार नाही, असं तू दादाला स्वच्छ सांगितलंस म्हणे. वर आई काय म्हणाली ठाऊक आहे? 'शहाणी आहे पोर, या खेपेला आधीच विचार केला तिने.' मी फोन ठेवला आणि हात धुवायला गेले. माझी खोड तुला माहीत आहे. काही सुचेनासं झालं की मी हात धुते.

पत्र लांबेल. मध्येच चिडून फाडू नकोस. चिडायला तुला शेवटी भरपूर कारण मिळणार आहे, तोवर दम धर.

तुला मुंगी हे नाव मीच दिलं होतं, आठवतं? तुझ्या दप्तरात कायम साखरेची पुडी असायची, वहीच्या कागदात बांधलेली. गणिताच्या तासाला तू बोट ओलं करून त्या पुडीत बुडवायचीस आणि चोखत बसायचीस. एकदा पुडी फुटली आणि दुसऱ्या दिवशी बाकाखाली मुंग्यांची रांग लागली. बाईंनी तुला वर्गाबाहेर काढलं, मी उगाच हसले म्हणून मलाही काढलं. बाहेर उभं राहून तू मला घुबड म्हणालीस, माझ्या चष्म्यावरून. तेव्हापासून मी घुबड आणि तू मुंगी. पुढे तू माझ्या भावाशी लग्न केलंस. त्याच्यात तुला काय दिसलं हे मला आजही कोडं आहे, कारण शाळेत असताना त्याच्या उभ्या राहणाऱ्या केसांवर सगळ्यात जास्त तूच हसायचीस. पण मला आनंद झाला होता. वाटलं, आता ही कुठे जात नाही. कायमची आपल्या घरात आली.

माझं काम तू पाहिलं आहेस, तरी पुन्हा सांगते, कारण पुढचं सगळं त्या खोलीवर उभं आहे. इस्पितळाच्या तळघरात दूधपेढी. जिन्याखालून एक वळण घेतलं की पत्र्याचं दार, आत दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दूध गोळा होतं, त्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लागतात, ते न उकळता, हाताला सोसवणार नाही इतपत, अर्धा तास गरम करून थंड केलं जातं आणि मग वरच्या मजल्यावर, वेळेआधी जन्मलेल्या बाळांकडे जातं. आतली खोली मोठ्या बाईंच्या संशोधनाची. तिथे दुधातल्या जंतूंवर आणि साखरांवर काम चालतं. मी दोन्ही खोल्यांत असते. सकाळी पेढीची नोकर, दुपारी बाईंची. नियम असा की बाहेरचं आत न्यायचं नाही आणि आतलं बाहेर आणायचं नाही. नमुने घ्यायची तार वेगळी, टेबल वेगळं, अंगातला पांढरा कोटसुद्धा वेगळा.

पाच वर्षांपूर्वी तुझी ठिपका जन्मली तेव्हा तू रोज खाली यायचीस. पोटावर टाके, एक हात भिंतीला, तरी जिना उतरून यायचीस, कारण वरच्या खोलीतला पंप तुला आवडायचा नाही. माझ्या खुर्चीवर बसून दूध काढायचीस आणि मी तुझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून बडबड करायचे. त्या बडबडीतच तुला साखरांची गोष्ट सांगितली होती. आईच्या दुधात एक साखर असते ती बाळाच्या पोटासाठी. पण तिच्याशिवाय आणखी शंभर-दोनशे प्रकारच्या साखरा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. तू विचारलंस, मग कशाला असतात, उगाच? मी म्हटलं, उगाच नाही. काही साखरा पोटातल्या भल्या जंतूंचं जेवण. काही साखरा आतड्याच्या अस्तराचं सोंग घेतात, मग वाईट जंतू आतड्याला चिकटायच्या ऐवजी त्यांनाच चिकटतात आणि लंगोटातून बाहेर जातात. आणि काही तर जंतूंना वाढूच देत नाहीत, त्यांनी स्वतःभोवती केलेला चिकट थर पातळ करून टाकतात. प्रत्येक बाईच्या दुधात हे मिश्रण वेगळं. ते ऐकून तू पहिल्यांदा हसलीस. म्हणालीस, 'बघ घुबडा, एवढी साखर खाल्ली त्याचा उपयोग झाला.' मी तुला सांगितलं नाही की खाल्लेल्या साखरेचा याच्याशी काही संबंध नाही. कशाला सांगायचं? किती दिवसांनी हसत होतीस.

दोन महिने आधीच आलेली ती. एक किलो तीनशे. तू तिला ठिपका म्हणायचीस आणि खरं नाव ठेवायचं राहूनच गेलं. नाकातून गेलेली नळी, तिच्यातून दर दोन तासांनी तुझं दूध, चमचाभरसुद्धा नाही. पहिल्या आठवड्यात वजन उतरलं, मग थांबलं, मग बाराव्या दिवशी ऐंशी ग्रॅमने वर गेलं आणि सिस्टरने तो आकडा पेटीवर लाल पेनने लिहिला. दादाने त्या आकड्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला, लेकीच्या परीक्षेचा निकाल लागल्यासारखा. तू बाईंना म्हणाली होतीस की दूध पुरून उरतंय, तर थोडं तुमच्या कामाला घ्या. तू सहीसुद्धा केलीस. मी दुसऱ्या दिवसापासून बोटभर नळ्या भरून उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवत गेले, प्रत्येकीवर तारीख आणि फक्त एक अक्षर, मुंगीचं.

आता त्या मंगळवारचं.

आमच्याकडे पद्धत अशी की दीड किलोच्या आतल्या बाळाला सख्ख्या आईचं दूध जात असलं तरी आठवड्यातून एकदा त्याचा थेंब प्लेटवर घालून बघायचा. प्लेट म्हणजे झाकणाची चपटी गोल बशी, तळाशी जेलीसारखा थर. तार बर्नरवर लाल करायची, निववायची, दुधात बुडवायची, थरावर ओढायची. रात्रभर उबेत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी काही उगवलं नाही तर उत्तम. उगवलं, आणि ते वाईटातलं निघालं, तर दूध बंद. त्यानंतर सलग तीन प्लेटा स्वच्छ आल्याशिवाय पुन्हा सुरू नाही. आणखी एक नियम आहे, तो भिंतीवर लिहिलेला नाही पण सगळ्यांना पाठ आहे. आपल्या नात्यातल्या माणसाचा नमुना आपण घ्यायचा नाही.

तो मंगळवारचा ट्रे आमच्या म्हाताऱ्या टेक्निशियनकाकांचा होता. तुझी बाटली मी त्यांच्या ट्रेमधून उचलली. ते म्हणाले, 'अहो, राहू द्या, मी करतो ना.' मी म्हटलं, 'घरचं दूध आहे काका, मीच करते.' मला वाटलं, मी जास्त काळजीने करीन. शिवाय बाहेरच्या खोलीत सफाई चालली होती, फिनाईलचा वास डोक्यात जात होता. म्हणून मी तुझी बाटली घेऊन आत गेले. आतल्या टेबलावर बसले, आतल्या तारेने काम केलं.

त्या टेबलावर दुपारच्या प्रयोगाची तयारी करून ठेवली होती. बाईंचा तो जंतू, मण्यांच्या माळेसारखा दिसणारा, तान्ह्या बाळांच्या रक्तात आणि मेंदूत शिरणारा. त्याला मी त्या सकाळीच एका प्लेटभर सारखा पसरून ठेवला होता. मध्ये चार भोकं पाडून त्यात चार आयांच्या दुधातून काढलेल्या साखरा घालायच्या होत्या, कोणाच्या साखरेभोवती जंतू विरळ होतो ते बघायला. पहिलं भोक तुझ्या साखरेचं होतं.

तार लाल केली की ती निवेपर्यंत दहा आकडे मोजायचे, असं आम्हाला शिकवतात. पण जुने लोक मोजत बसत नाहीत. कोऱ्या प्लेटच्या कडेला तार टेकवतात, चर्र होतं, तार गार होते. मीही बारा वर्षं तेच करत आले होते. एकदा टेकवली, नीट गार झाली नाही म्हणून पुन्हा सरकवून टेकवली, मग तुझ्या दुधात बुडवली. मी टेकवली ती प्लेट कोरी नव्हती. नुकताच जंतू पसरलेली प्लेट आणि कोरी प्लेट यांत डोळ्याला काही म्हणजे काही फरक दिसत नाही. दोन्ही तशाच लख्ख असतात.

बुधवारी तुझ्या प्लेटवर तो उगवला. मी स्वतः वाचला, स्वतः कागदावर लिहिला, स्वतः वर नेऊन दिला. दहा मिनिटांत तुझं दूध बंद झालं. पेढीत त्या आठवड्यात दुसऱ्या आयांचं दूध शिल्लक नव्हतं, मग भुकटीचं दूध सुरू केलं. तुला औषधं दिली. तू मला जिन्यात गाठून विचारलंस, 'म्हणजे माझ्यामुळे तिला काही झालं असतं?' आणि मी म्हटलं, वेळेवर कळलं ना, आता घाबरू नकोस. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तोच उजवा.

तुझी पुढची पहिली प्लेट स्वच्छ आली. दुसरी स्वच्छ आली. वरचे डॉक्टर म्हणाले, औषधाचा गुण. रविवारी सकाळी ठिपकाचं पोट फुगलं, नळीतून हिरवं यायला लागलं. तू पेटीच्या भोकातून एक बोट आत घालून उभी होतीस आणि तिने ते धरलं नव्हतं, हे तू मला नंतर दहा वेळा सांगितलंस. सोमवारी मी तिसरी प्लेट उजेडाकडे धरली होती. स्वच्छ होती. 'दूध सुरू करावे' असं लिहायला पेन उघडलं आणि वरून फोन आला की आतडी गेली, आणि पाठोपाठ तीही. अठरा दिवसांची होती. मी पेनाला टोपण लावलं आणि प्लेट पुन्हा उबेत ठेवून दिली, का ते मला माहीत नाही. तळघरात आम्ही जंतू वाढवतो ती पेटी आणि वरच्या मजल्यावर बाळं ठेवतात ती पेटी, दोन्हींना इन्क्युबेटरच म्हणतात. त्या दिवसापासून मी तो शब्द तोंडातून काढत नाही. 'पेटी' म्हणते.

त्यानंतरचं तुला मी सांगायची गरज नाही, पण मला काय दिसलं ते सांगते. दूध थांबायला तयार नव्हतं. घरी न्हाणीघरातल्या बेसिनपाशी तू वाकून उभी, एका हाताने नळ धरलेला, दुसऱ्या हाताने पिळून काढतेयस, दुखत होतं तरी जोर लावतेयस, आणि पांढऱ्या धारेकडे बघून म्हणतेयस, 'जा, विष मेलं, जा.' मी मागे टॉवेल धरून उभी होते. दूध वाहून जाताना बघितलं आणि टॉवेल पुढे केला. मग आई. स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता, तू शेजारच्या खोलीत पडली आहेस हे पक्कं माहीत असताना आवाज न चोरता म्हणाली, 'बारा दिवस तेच पाजलं ना तिला. दुधातच होतं, ती बिचारी तरी काय करणार.' दादा खाली मान घालून बसला. आणि त्यांच्यात जिला यातलं कळतं ती एकटी मी, मी उठून ओट्यावरची भांडी पुसायला लागले. महिनाभराने तू मला सरळ विचारलंस. 'तू यातली आहेस. खरं सांग. माझ्या दुधात होतं ना ते?' मी काय उत्तर दिलं ते तुझ्या लक्षात असेल. 'जंतू कुठूनही येतात गं.' ते उत्तर ऐकून तू माझ्याशी बोलणं सोडलंस. तुला वाटलं मी दयेपोटी गोलमाल बोलतेय.

तर आता ऐक. ते तुझ्या दुधात नव्हतं.

हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. मला हे कळलं दोन वर्षांपूर्वी, जुना फ्रीझर बदलायचा होता म्हणून मी तो रिकामा करायला घेतला तेव्हा. तळाशी तुझ्या नळ्या सापडल्या, औषध सुरू व्हायच्या आधीच्या, अकरा. त्यांपैकी दहा मी एकेक करून प्लेटवर घातल्या. या वेळी काकांना समोर बसवलं, बाहेरच्या टेबलावर, कोऱ्या तारेने, दहा आकडे मोजून. दहाच्या दहा स्वच्छ. तेवढ्या थंडीत काही जंतू मरतात, पण सगळे नाही मरत. असता तर एखाद्या तरी नळीत दिसला असता. मग मी तुझ्या त्या बुधवारच्या प्लेटवरचा जंतू काढला, कारण असे सगळे आम्ही जपून ठेवतो. बाईंचा जो प्रयोगातला जंतू आहे त्याला एका औषधाची सवय लावलेली आहे, ते औषध घातलं तरी तो मजेत वाढतो. बाहेरच्या जगातला तसा मला आजवर भेटला नाही. तुझ्या प्लेटवरचा त्या औषधात मजेत वाढला. म्हणजे तो आमचा होता. घरचा पाळलेला. मी तारेवरून तुझ्या नावावर चढवलेला.

आणि तुझी साखर, मुंगे. त्या दिवशी ज्या प्लेटला मी तार टेकवली तीच दुपारी प्रयोगाला वापरली गेली. दोन दिवसांनी बघितलं तर चारही भोकांत तुझ्या साखरेभोवतीचा जंतू सगळ्यात विरळ होता. इतरांच्या दुप्पट मोकळं वर्तुळ. त्या प्लेटचा फोटो पुढे बाईंच्या लेखात छापला गेला, आता तो आमच्या पेढीच्या दारावर मोठा करून लावलाय. पाहुणे येतात, थांबून बघतात, बाई अभिमानाने सांगतात की ही एका अनाम आईच्या दुधाची ताकद. ती अनाम आई तू आहेस. जिने स्वतःच्या दुधाला विष म्हणून बेसिनमध्ये ओतलं ती.

तुझं दूध चालू राहिलं असतं तर ठिपका जगली असती का, हे मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही. इतक्या लहान बाळांची आतडी आईचं दूध पिऊनही कधीकधी जातात. भुकटीवर वाढलेली हजारो धडधाकट माणसं रस्त्याने फिरतायत. पण एवढ्याशा आतड्यांना भुकटीने धोका वाढतो हे मला तेव्हाही माहीत होतं. तिच्या हातात एकच काठी होती आणि ती मी काढून घेतली. एवढं नक्की.

इथे हे पत्र संपवायचा माझा बेत होता. सही करून पाकिटात घातलंही होतं. मग परत काढलं.

वर मी लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी फ्रीझर आवरताना मला कळलं. ते खोटं आहे. नळ्या तपासल्या, जंतू जुळवला, ते सगळं खरं, पण ते खात्री करण्यासाठी होतं. कळलं तेव्हा नाही. ते वाक्य खोडत नाही, तसंच राहू दे, म्हणजे मी किती सहज खोटं लिहू शकते ते तुला दिसेल.

मला गुरुवारीच कळलं होतं. तुझं दूध बंद होऊन एक दिवस झाला होता, ठिपका जिवंत होती, तिचं पोट मऊ होतं. मी प्रयोगाची प्लेट मोजायला घेतली. तुझं मोकळं वर्तुळ बघून आनंद झाला, मोजपट्टी लावली, आणि प्लेट फिरवताना कडेला एक खूण दिसली. तारेच्या कडीएवढं भाजलेलं भोक, आणि त्याला लागून तार सरकली तिथली बारीक रेघ, दाट जंतूंच्या थरावरून गेलेली. गरम तार टेकवल्याशिवाय तशी खूण होत नाही आणि त्या टेबलावर मंगळवारी माझ्याखेरीज कोणी बसलं नव्हतं. मला समजायला एक क्षणसुद्धा लागला नाही. मी हात धुवायला गेले. धुता धुता हिशेब मांडला, असा की, सांगितलं तर नियम मोडल्याचं निघणार, काकांच्या ट्रेमधून नमुना उचलल्याचं निघणार, बाईंची प्लेट बाद होणार. बारा वर्षं बाटल्या धुतल्यावर पहिल्यांदा लेखावर माझं नाव लागणार होतं, तेही जाणार. आणि न सांगितलं तर? चार दिवसांचा तर प्रश्न. तीन प्लेटा स्वच्छ येणारच होत्या, मला तर माहीतच होतं. चार दिवस भुकटीने काय होतंय. वर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, की चूक माझी आहे, दूध सुरू करा. एकोणतीस पायऱ्या आहेत. मी प्लेटचा फोटो काढला, कडेचा तेवढा भाग कापून टाकला आणि मोजलेला आकडा वहीत लिहिला.

पत्र लिहिलं ते यासाठी. तू माफ करावंस म्हणून नाही. माफी मागायला तोंड लागतं, ते माझ्याकडे नाही. सोबत मूळ फोटो ठेवलाय, न कापलेला. मध्ये तुझं वर्तुळ आहे आणि कडेला माझी खूण, दोन्ही एकाच प्लेटवर. दाराच्या फोटोत फक्त तू दिसतेस, या फोटोत आपण दोघी आहोत. याची एक प्रत आणि या पत्रातली शेवटची तीन पानं मी आज सकाळी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि माझा कोट आणि पेढीची किल्ली काकांना दिली. तुझ्या डॉक्टरीणबाईंनाही हे दाखव. त्यांना तुझं दूध तपासावंसं वाटलं तर तपासू देत, दुसऱ्या इस्पितळात, दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने. आणि आईला हे पत्र वाचून दाखव. दादाला नको वाचायला देऊस, तो मधलं गाळेल. तू वाच, स्वयंपाकघरात, ती भाजी निवडत असताना, आणि आवाज चोरू नकोस. मग ती गोळ्यांची चिठ्ठी फाडायची की नाही ते तू ठरव. मला एवढंच माहीत आहे की ठिपकाने बारा दिवस जे प्यायलं त्याने ती ऐंशी ग्रॅमने वाढली होती. अकरावी नळी अजून फ्रीझरमध्ये आहे. ती मला तपासवली नाही आणि टाकवलीही नाही. तिच्यावर तुझं अक्षर आहे, बाईंना सांगितलंय की ती तुझी आहे.

तुझीच म्हणायचा हक्क नसलेली,
घुबड